आधी नाव, मग पत्ता

नियम एकच होता आणि सभा चालवणाऱ्या संपादकांनी तो व्यासपीठावरून दोनदा सांगितला. प्रश्न कोणीही विचारावा, पण आधी नाव, मग पत्ता. निनावी माणसाला उमेदवार उत्तर देणार नाहीत.

आई उठली तेव्हा मुलीने तिची बाही धरली. नको म्हणून ती घरून निघाल्यापासून विनवत होती, पण एकटीने घरी बसायचीही तिची तयारी नव्हती, म्हणून आली होती. आईने बाही सोडवून घेतली आणि माइक तोंडाशी नेला. नाव सांगितलं. मग पत्ता. घाबरलेलं माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतं. तिने वसाहत सांगितली, बेकरी सांगितली, बेकरीच्या वरचा मजला सांगितला, आणि पुढचा जिना बंद असतो, मागच्या जिन्याने यावं लागतं, हेही सांगून टाकलं.

"ताई, आम्हाला जेवायला बोलावताय काय?" मागून कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं. तीही कसनुशी हसली.

मग तिने विचारलं. विषय तोच चालला होता, लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या नोंदणीचा कायदा. तिच्या लेकीचा गुन्हेगार सुटून आला, तेव्हा कायद्याप्रमाणे त्याने घराची नोंद केली. तो कोणत्या गल्लीत राहतो हे तिला चौकीत जाऊन विचारता येत होतं. ती वरचेवर विचारायची आणि त्यावर रात्रीची झोप यायची. उन्हाळ्यात त्याने ती खोली सोडली. चौकीतले म्हणाले, नवं घर घेतल्याशिवाय नवी नोंद कशी होणार? घाईघाईने मायलेकींनीच घर बदललं.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "आता तो आहे कुठे?"

सत्ताधारी उमेदवार पेशाने वकील. ते शांतपणे म्हणाले, कायदा पक्का आहे, नवं घर घेतल्यापासून आठवड्याच्या आत कळवावंच लागतं. विरोधी उमेदवार डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, घोडं पेंड खातं ते इथेच. घर घेतलंच नाही तर आठवडा मोजायचा कुठून? ही फट बुजवायची दुरुस्ती आम्ही आणली, ती यांच्याच पक्षाने पाडली. वकीलसाहेबांनी हात जोडले. मूळ कायदा बाईंच्याच पक्षाचा, फटही त्यांचीच, आता बैल गेल्यावर झोपा करायला निघाल्यात. टाळ्या पडल्या. मग हे त्यांच्या सत्तेची वर्षं काढू लागले आणि त्या यांच्या. आईचा प्रश्न मधल्या मध्ये उभाच राहिला आणि आईही. शेवटी शेजारच्या बाईने तिला मायेने हाताला धरून खाली बसवलं.

मागे कोणीतरी हात वर केला असावा. पुढून काही दिसत नव्हतं, चित्रीकरणासाठी फक्त व्यासपीठावरचे दिवे ठेवले होते. माइकवाला धावून धावून दमला होता. त्याने बिनतारी माइक पहिल्या रांगेत दिला आणि तो डोक्यांवरून, हातोहात, अंधारात मागे गेला.

"आधी नाव," संपादक म्हणाले.

माइकने शीळ घातली. नाव त्यातच विरलं.

"पत्ता?"

"पत्ता सध्या नाही."

पुन्हा हशा. भाडी ऐकलीत का शहरातली, असं एकजण म्हणाला. संपादकही हसले आणि विचारा, विचारा म्हणून त्यांनी हात हलवला.

"मघाच्या ताईंची काळजी रास्त आहे," आवाज मऊ होता, समजुतीचा. "माझी फक्त एक शंका आहे. ज्याला घर नाही, त्याने आजच्या कायद्याने कोणालाही काहीही कळवायचं नाही. बरोबर? हो किंवा नाही, एवढंच सांगा. सोपं आहे की नाही?"

आईच्या हातातला लेकीचा हात एकाएकी ताठ झाला. सोपं आहे की नाही. त्याच्या शिकवणीत प्रत्येक गणिताच्या शेवटी हेच यायचं. लहानपणी ती घरी येऊन त्याची नक्कल करायची आणि आई पोट धरून हसायची.

आईने मान मागे वळवली. अंधारात नुसती डोकी. आणि आवाज काही मागून येतच नव्हता. चार भिंतींवर चार कर्णे होते, तो चारही बाजूंनी येत होता.

वकीलसाहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "आज तरी, हो," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी अंधाराकडे बोट केलं आणि अशा जागरूक नागरिकांमुळेच लोकशाही टिकून आहे, असं सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारची बाईसुद्धा टाळ्या वाजवत होती.

"आभारी आहे," चारही कर्णे म्हणाले. "तेवढंच हवं होतं."

माइक परत निघाला. या हातातून त्या हातात, एकेक रांग ओलांडत. संपादक म्हणाले, ताईंचं समाधान झालेलं दिसत नाही, त्यांना पुन्हा बोलू द्या.

लेकीने ओठ जेमतेम हलवत म्हटलं, "आई, तू मागचा जिनासुद्धा सांगितलास."

मागच्या रांगेतून कोणीतरी आईच्या हातात माइक ठेवला. माइकची मूठ अजून गरम होती आणि किंचित ओली.

"बोला ताई," संपादक म्हणाले. "सगळे ऐकतायत."