दाब

घाटाच्या दुसऱ्या वळणावर इंजिन पुन्हा खडखडलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. नरसिंगरावांनी झटकन पाय काढला, गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर थाप मारली. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, पद्मिनीनं, डोळे मिटून घेतले. निर्मळच्या पंपावरून आत्ताच नवं पेट्रोल भरून आणलं होतं. तरी तेच.

दोघं बोथचे. नरसिंगराव दहा वर्षं मस्कतच्या एका गॅरेजात होते. तिथं लोकांच्या गाड्यांचा जोर वाढवून देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. होळीच्या सुमाराला ते घरी आले, "आता कायमचा आलो" म्हणाले, आणि मागोमाग मुंबई बंदरातून ही जपानी गाडी आली. सहा सिलिंडरची, कंपनीनंच टर्बो बसवलेली. इंजिनाच्या धुरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात हवा कोंबतो, आणि हवेचा दाब जितका जास्त तितकी गाडी उसळते. टर्बोच्या बगलेत एक दांडी असते. तिचा नट कसला की दाब वाढतो. हे सगळं पद्मिनीला आता पाठ झालं होतं.

"कंपनीनं हिले बांधून ठेवलं हाय," ते जेवता जेवता म्हणायचे. "अर्धा जोर आत झोपून हाय. मी काढतो बाहेर."

पण जोर बाहेर येईना. नट जरा कसला, की चढावर खडखडाट. पेट्रोल हलकं म्हणून खडखडतंय असं वाटून त्यांनी आदिलाबादचं घालून पाहिलं, नागपूरहूनही आणलं. घरात पाय ठरत नव्हता. ताटावरून अर्धवट उठायचे, हात न पुसताच बॉनेट उघडायचे. बोलण्यात सारखं "तिकडं". तिकडचे रस्ते, तिकडचं पेट्रोल. पद्मिनीला पहिल्यांदा त्या गाडीचा रागच आला होता. घरात सवत आणून ठेवल्यासारखी ती अंगणात उभी असायची. आताशा मात्र इंजिन चालू झालं की तिचाच जीव वरखाली व्हायचा. एकदाची ही गाडी मनासारखी पळू दे, म्हणजे यांचा पाय इथं ठरेल, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

कारण मस्कतहून फोन आला होता. बसस्टँडवरच्या एसटीडीवाल्या कौशल्याबाईंनी तिला आपणहून सांगितलं. जुन्या मालकाचा फोन, जागा रिकामी आहे, येतोस का म्हणून. नरसिंगराव त्याला "सांगतो" म्हणाले होते. घरी मात्र चकार शब्द काढला नव्हता.

ते खाली उतरले. पद्मिनीही उतरली. सागाची पानं गळून रस्ताभर पसरली होती, उन्हात डांबर चमकत होतं. आज विचारायचंच, असं ठरवून ती निघाली होती.

"तुमी परत जाऊन राह्यले का?"

बॉनेटखालची मान वर झाली नाही. "कोण सांगतलं?"

"कोणीबी सांगो. जाणार हाय का?"

"आधी हे जमू दे," ते म्हणाले.

जमलं नाही तर जाणार, हे उत्तर मिळाल्यासारखंच होतं. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, पाना घेतला आणि त्या दांडीशी बराच वेळ नुसते उभे राहिले. मग मनगट फिरलं. पद्मिनी ते मनगट ओळखून होती. आज ते उलटं फिरलं होतं.

"ढिलं केलं?"

"हो. कंपनीनं ठेवला व्हता त्याच्याहूनबी कमी दाब." त्यांनी पाना पिशवीत टाकला. "इकडच्या पेट्रोलावर हिले तेवढंच झेपते."

गाडी पुन्हा चढाला लागली. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. खडखड नाही. इंजिन एकसुरात चाललं होतं, पण ती उसळी, पाठ गादीत रुतवणारी ती ओढ, कुठं उरली नव्हती. साधी गाडी झाली होती. नरसिंगराव कान देऊन हळूहळू चालवत होते. मागून आदिलाबादची बस आली आणि भोंगा वाजवत अंगावर येऊ लागली.

दहा वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या गाड्या वाऱ्यासारख्या पळवल्या, त्याला निर्मळच्या घाटात बस मागं टाकणार होती. पद्मिनीनं चोरून त्यांच्याकडं पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली,

"जाऊ द्या. तिकडं नेल्यावर परत कसता येईल ना हिले."

त्या गाडीचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. उजवी, रस्त्याकडची खिडकी पद्मिनीची. नरसिंगरावांनी गाडी आणखी कडेला घेतली.

"तिकडं कोण चाललं आता?" ते म्हणाले. "हात काढ बाहेर, जाऊ दे त्याले पुढं."