जावेचा पटर

"ह्या पटरचा तोल मुद्दाम साधलाय, ताई. हात जरा डगमगला तरी ह्याचं तोंड सरळच राहतं," चेंडू भोकात ढकलायची ती नवी काठी दाखवत इरावती म्हणाली, आणि वृंदाच्या पोटात दुखायला लागलं. धाकट्या जावेला गोल्फ शिकवलं होतं तिनेच. पण हा पटर आल्यापासून क्लबमध्ये जिंकायची इरावती आणि कौतुकही तिचंच.

"सगळी पटरची कमाल आहे," वृंदा ज्याला त्याला सांगायची.

वार्षिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोघीच उरल्या. सकाळी इरावती चहा घ्यायला गेली, तेव्हा वृंदाने तिच्या पिशवीतला पटर काढला आणि त्याच्या बुडाला, एका कडेला, शिशाची जड पट्टी चिकटवली. आता तोल बिघडणार, याची तिला खात्री होती.

शेवटच्या भोकापर्यंत दोघी बरोबरीत होत्या. वृंदाचा चेंडू काठाला लागून बाहेरच थांबला. इरावतीने बऱ्याच लांबून हलकेच टोला दिला. चेंडू उतारावरून वळत वळत गेला आणि भोकात पडला.

टाळ्या थांबल्यावर इरावती धावत आली. "ताई, आज तर पटर नेहमीपेक्षाही छान चालला! तुम्हीही असाच घ्या ना."

"घेईन," वृंदा कसंबसं हसत म्हणाली. इतके दिवस दोष द्यायला निदान पटर तरी होता. आता तिची नजर इरावतीच्या हातांवरून हलेना.