विंचू कळसावर होता

"खरं सांगा बाई. पोरगी झाली तवा आभाळातला विंचू कुठी होता? कडूनिंबावर, का मारुतीच्या कळसावर?"

मुलाचे वडील मनोहरराव पंचांगाच्या पानात बोट घालून बसले होते. एकोणऐंशीच्या वैशाखात एकोणीस वर्षांपूर्वीचं पंचांग हिंगणघाटहून शोधून आणणारा माणूस, तो काय सहजासहजी ऐकणार! समोर म्हातारी सुईण मनकर्णाबाई बसली होती. बाजूला मुलीचा बाप बंडूजी दुपट्ट्यानं घाम पुसत होता. पोहे खाऊन झाले होते, गोपिका पसंत पडली होती, नारळ ताटात येऊन बसला होता. सगळं अडलं होतं ते विंचवापाशी.

गोपिका जन्मली तेव्हा गावात घड्याळ एकच, शाळेतलं, आणि तेही बंद. रात्री बाळ झालं की मनकर्णाबाई हात धुऊन अंगणात यायची, वर पाहायची आणि जोशाला निरोप धाडायची. कोणतं नक्षत्र कुठे होतं यावरून जोशी वेळ बसवायचा, पत्रिका मांडायचा. गोपिकाच्या रात्री मूळ नक्षत्र अकरापर्यंत होतं. विंचू कडूनिंबावर असेल तर पोरगी अकराच्या आधीची, मुळावरची. सरकत कळसावर आला असेल तर सुटली. मुळावरची सून सासऱ्याच्या जिवावर येते म्हणतात. दोन स्थळं नुसत्या कुजबुजीवर परत गेली होती. हे तिसरं गेलं असतं तर गोपिकाला दारात कोणी उभं केलं नसतं.

"कळसावर होता," मनकर्णाबाई म्हणाली. "तवाच सांगतलं जोशाले."

"तुमच्या गावाची मले मोठी गंमत वाटते. चाळीस वर्सात एकबी पोरगी मुळावर नाई? जोशाच्या वह्या पाहून आलो मी."

"गावच पुण्यवान आहे जी," बंडूजी घाईघाईनं म्हणाला. कोणी हसलं नाही.

मनोहररावांचा आवाज खाली आला. "बाई, मागच्या साली छातीत कळ आलती. पंधरा दिवस दवाखान्यात होतो. मले भेव वाटते, खोटं काऊन सांगू?"

आणि मनकर्णाबाईला ते रडणं ऐकू आलं. बारीक, मांजराच्या पिलासारखं, मागच्या गुरांच्या कोठ्यातून. बाकी कुणाची मान वळली नाही. वळणार तरी कशी! जन्माची वेळ कोणी विचारली की ते सुरू व्हायचं, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबायचं नाही. आज उत्तर देऊनही थांबत नव्हतं.

तिची मायही सुईणच. आभाळ तिनंच शिकवलं. आभाळातलं हरीण, मृग नक्षत्र, म्हणजे बाप, ती सांगे. त्यानं स्वतःच्या लेकीवर वाईट नजर टाकली, म्हणून व्याधानं त्याच्या पोटात बाण मारला, तो अजून तिथेच रुतलेला आहे. हरीण बुडाल्याबिगर विंचू वर येत नाही, त्यांची तोंडभेट नाही. मुळावरच्या पोरीचंही तसंच. सत्तावीस दिवसांनी मुळाची शांत, म्हणजे शांतीची पूजा, होईस्तोवर बापानं तिचं तोंड पाहायचं नाही. मनकर्णाबाईला वाटे, वा रे न्याय! पाप केलं बापानं, अन् पत्रिका पाहतात लेकीची.

"असं करा," मनोहरराव म्हणाले. "पोटच्या लेकराची शपथ घ्या. मी आत्ता नारळ देतो अन् पाचच्या यष्टीनं जातो."

दाराआडून गोपिकाची आई लीलाबाई कळवळून बोलली, "तिले लेकरू नाई जी! काऊन बिचारीले टोचता?"

 नवऱ्यानं टाकलेली, मूलबाळ नसलेली म्हणून मनकर्णाबाई चाळीस वर्षांपूर्वी माहेरी आली, एवढंच गावाला ठाऊक होतं.

"होती," मनकर्णाबाई म्हणाली. "सासरी होती तवाची. नऊ दिवसाची होऊन गेली."

मनोहररावांचं बोट पंचांगातून निसटलं. "राहू द्या बाई. चुकलं माह्यं."

"नाई. घेतो मी." तिनं तळहात पोटावर ठेवला. "तिची शपथ. विंचू कळसावर होता."

कोठ्यातलं रडणं एकदम थांबलं. ती त्या शांततेला जास्त भ्याली.

मेलेल्या लेकराची खोटी शपथ कोणती आई घेईल? मनोहररावांनी नारळ बंडूजीच्या हातात दिला, गोपिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. बंडूजी त्यांना यष्टीवर पोचवायला गेला.

घर रिकामं झालं तशी लीलाबाईनं म्हातारीचे हात धरले. 

"मनकर्णाबाई, त्या रात्री बाजेवरून मले दारातून दिसत होतं. विंचू कडूनिंबावरच होता. माह्या पोरीसाठी तुमी मेलेल्या लेकराची खोटी शपथ घेतली! लागन ना वो तिले!"

मनकर्णाबाई कोठ्याकडे पाहत राहिली.

"माही पोरगी झाली तवा ओल्या बाळंतिणीनं मीच दारात येऊन वर पाह्यलं होतं. सासऱ्यानं इचारलं. जसं दिसलं तसं सांगून देल्लं. मुळावरची म्हणून शांत होईस्तोवर पोरीले कोठ्यात ठेवलं त्याइनं, माघाच्या थंडीत. मले जाऊ देल्लं नाई. आठ राती रडली, नवव्या राती चूप झाली."

तिनं लीलाबाईचे हात सोडवले.

"माही लेक खऱ्यानं मेली, लीलाबाई. खोटं तिले काय लागते!"