राहायची सोय

"'राहायची सोय' कसलं लिहिताय, बाबा? असली पाटी बघून कोण फिरकणार?" असं म्हणत पुण्याच्या जावईबापूंनी फळीवरचा खडू पुसून टाकला. दिगूकाकांनी उरलेला खडू खिशात टाकला. जावयाचा शब्द मोडायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

जावईबापू लॅपटॉप घेऊन घरभर हिंडले. माडीवरची खोली 'सी व्ह्यू स्वीट' झाली. तिथून समुद्र दिसायला माडावर चढावं लागे, ती गोष्ट वेगळी. माजघर 'फॅमिली रूम' झालं आणि पडवी 'डॉर्मिटरी'. फोटो इंटरनेटवर चढले, आणि मे महिन्यात घर गच्च भरलं. काका-काकूंनी आपली वळकटी उचलली आणि मागच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन अंथरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या एक पाहुण्या बाई पाय मोकळे करत मागे आल्या. सारवलेली जमीन, गव्हाणीत ठेवलेला रेडिओ आणि शेजारी बसून चहा पिणारे काका-काकू बघून त्या हरखल्याच. "अय्या, किती ऑथेंटिक! आम्हाला हे का नाही दाखवलंत?"

दुपारपर्यंत जावईबापूंनी गोठ्याचं 'रस्टिक कॉटेज' करून टाकलं. भाडंही सगळ्यात जास्त लावलं.

काका वळकटी खांद्यावर टाकून अंगणात उभे राहिले. "आता कुठं जायचं गं आपण?"

"अहो, लाकडांची खोप उरलीय अजून," काकू कुजबुजल्या. "पण हळू बोला. तिलाही इंग्रजीत काहीतरी म्हणत असतील."