दुसरा दिवा

धाकट्याची गाडी जुनी, पण मिजास नवी. त्यात आपली बायको त्याच्याच विनोदांना खळखळून हसते, हे थोरल्याला हेडलाइटचं पिवळं पडलेलं प्लास्टिक घासतानाही खुपत होतं.

पाणी मारून, पॉलिश-पेपर फिरवून त्याने एक दिवा आरपार स्वच्छ केला. त्यात मागे उभे असलेले बायको आणि धाकटा लख्ख दिसले. पुढे बसलेला तो स्वतः मात्र कुठेच नव्हता.

दचकून त्याने न घासलेल्या दिव्यात पाहिलं. त्या पिवळटपणात तो होता, अंधुक, एकटाच.

"दादा, थांबलास का? तोही चकाचक कर की!"

"भाऊजी बरोबर म्हणतायत," बायको म्हणाली. "कशाला ठेवायचं ते पिवळं?"

"नको," थोरला म्हणाला.

ते दोघं कशाला तरी हसले. त्याचा हात केव्हाच घासू लागला होता.