चिमटा
हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी टेलरमास्तरांना बजावलं होतं, "जितका जोर लावाल, जितका वेळ चालाल, तितके ठोके उशिरा शांत होतील. दमानं घ्या." पण ऐकतील ते मास्तर कसले? आज ते टेकडीचा अख्खा चढ चढून, नेहमीपेक्षा तासभर उशिरानं, धापा टाकत घरी आले. बायकोनं ठोके मोजायचा चिमटा त्यांच्या बोटाला लावला. आकडा भराभर खाली आला. "बघ, शिलाई पक्की आहे," म्हणत त्यांनी गंमत म्हणून तोच चिमटा तिच्या बोटाला अडकवला. तिचा आकडा त्यांच्याहून वर निघाला आणि उतरायचं नाव घेईना. "अगं, तू तर घरातच होतीस ना?" "खिडकीत होते," ती म्हणाली. "तासभर." मास्तर बुटांसकट तिच्याशेजारी बसले आणि तिचा आकडा उतरेपर्यंत जागचे हलले नाहीत.