अर्धी प्लेट

उन्हाळा लागला की आमच्या हॉटेलात माशा मारायची वेळ येते. लोक काहीतरी थंड पिऊन निघून जातात, आणि तेल-तांदळाचे भाव मात्र गगनाला भिडलेले. म्हणून मी मोरीपाशी उभा राहून परत आलेल्या प्लेटा बघायला लागलो. कोण किती टाकतं, ते तरी कळावं!

कोपऱ्यातल्या आजींची प्लेट रोज अर्धी परत यायची. मधोमध रेघ मारल्यासारखी. एक बाजू चाटूनपुसून साफ, दुसऱ्या बाजूच्या भाताला चमचाही लागलेला नाही. त्यातून एकट्या येऊन दोघांचं टेबल अडवायच्या.

"वाढतानाच हात आखडता घे की! तांदूळ काय फुकट येतो?" मी आचाऱ्यावर डाफरलो.

गल्ल्यावरून बायको म्हणाली, "अहो, त्याच्यावर कशाला चिडता? हल्ली सगळीकडे अर्धी प्लेट मिळते. आपणही सुरू करू. त्यांचंही पोट भरेल, आपलंही वाया जाणार नाही."

पटलं. दुसऱ्या दिवशी पहिली अर्धी प्लेट मी स्वतः नेऊन ठेवली.

"आजी, खास तुमच्यासाठी. आता टाकायला नको."

आजी प्लेटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं बाळा."

थोड्या वेळाने मी प्लेट उचलायला गेलो. अर्ध्यातलंही त्यांनी अर्धंच खाल्लं होतं.

 

प्लेट समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवत त्या हळूच म्हणत होत्या, "अहो, आज जरा कमीच आहे. तेवढ्यावर भागवा."